‘कोणतंही टाक बे, सगळे सारखेच’

पोस्ट मोठी झाली आहे, आधीच सांगतो. पण वाडीत ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारं पोरगं, एक लॅपटॉप आणि बापाच्या नावावर घेतलेलं वायफाय आहे, त्यांनी तरी चहा घेऊन बसावं आणि पूर्ण वाचावं.

दत्तवाडीत आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात. आयुध निर्माणीतून रिटायर झाले. गेल्या महिन्यात त्यांना परराज्यातल्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला. काकांनी तो कट केला. बरोबरच केलं, कारण ‘डिजिटल अरेस्ट’वाल्या भामट्यांचे फोन असेच येतात आणि गल्लीत आम्हीच सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की असा फोन आला की कट करा. पण आठ दिवसांनी कागद आला, रीतसर, इथल्या ठाण्यामार्फत. त्यात तारीख होती, वेळ होती, आणि लिहिलं होतं की त्या वेळी तुमच्या घरच्या इंटरनेट जोडणीवरून एका बाईच्या खात्यात लॉगिन होऊन पैसे गेले. जोडणी कुणाच्या नावावर? काकांच्या.

काका कागद घेऊन माझ्याकडे आले, कारण मी ट्रान्सपोर्टच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो आणि गल्लीतल्या लोकांना वाटतं मला सगळंच समजतं. म्हणाले, “काहून रे, माह्या घरून कोण चोरी करून राहिलं? इतकी वर्षं फॅक्टरीच्या गेटवर येता-जाता झडती दिली, एक मेमो नाही मिळाला.” त्यांच्या हाताला कंप होता. मी म्हटलं, काका बसा, घरी येऊन बघतो.

घरी त्यांच्या नातवाचा लॅपटॉप उघडला. पोरगं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. खाली घड्याळाजवळ एका फुकट व्हीपीएनचं चिन्ह बसलेलं. मी विचारलं, हे कधी टाकलं? पोरगं खाली मान घालून म्हणालं, “दादा, तुम्हीच तं सांगितलं होतं.”

आणि मला आठवलं. डिसेंबरात त्याने मला दुकानासमोर थांबवून विचारलं होतं, प्रोजेक्टची एक फाईल उघडूनच नाही राहिली, कोणतं व्हीपीएन टाकू? मी घाईत होतो. गाडीवरून न उतरता म्हटलं, “कोणतंही टाक बे, सगळे सारखेच.”

ते माझं वाक्य. ही पोस्ट त्या वाक्याबद्दल आहे.

आता सगळे सारखे का नाहीत ते सांगतो. खडगाव रोडवरच्या गोदामांत काम करणाऱ्यांना हे दोन मिनिटांत कळेल. तुम्ही माल थेट पाठवला तर बिल्टीवर तुमचं नाव, तुमचा पत्ता. प्रॉक्सी किंवा व्हीपीएन म्हणजे मधे एक ट्रान्सपोर्टवाला आला. तुमचा माल आधी त्याच्या गोदामात जातो, तिथून त्याच्या बिल्टीवर पुढे निघतो. समोरच्याला तुमचं नाव दिसत नाही, त्याचं दिसतं. पण त्या ट्रान्सपोर्टवाल्याला सगळं दिसतं: कुठून आलं, कुठे चाललं, किती वजन. पेटी सीलबंद असली, म्हणजे पत्त्याआधी कुलूप असलेली साइट असली, तर आतला माल त्याला दिसत नाही. पण रोज रात्री कुणाला काय पाठवता याची वही त्याच्याकडे राहतेच.

हे झालं साध्या ट्रान्सपोर्टवाल्याचं. फुकटवाले त्यापुढे जातात. आपण पैसे देत नाही, तर त्यांचं गोदाम, गाड्या, डिझेल कशावर चालतं? काही जण ती वही विकतात. फेसबुकने २०१३ साली ‘ओनावो’ नावाची कंपनी घेतली होती. तिचं फुकट व्हीपीएन लोकांनी ‘सुरक्षेसाठी’ टाकलं, आणि लोक कोणती ॲप किती वापरतात ही माहिती फेसबुकला त्यातून मिळत राहिली. २०१८ मध्ये ॲपलच्या दुकानातून ते निघालं, २०१९ मध्ये बंद झालं. आणि काही जण त्याहून भारी काम करतात: तुमच्या नावाची बिल्टी दुसऱ्याला विकतात. म्हणजे तुमचा माल त्यांच्या गाडीतून जातो आणि कुणा तिसऱ्याचा माल तुमच्या पत्त्यावरून निघतो. ‘होला’ नावाच्या प्रसिद्ध फुकट व्हीपीएनबद्दल हे २०१५ सालीच उघड झालं होतं. वापरणाऱ्यांचं नेट त्यांची दुसरी कंपनी गिऱ्हाइकांना विकत होती.

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी ‘९११ एस५’ नावाचं जाळं मोडलं. त्यात जगभरचे १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते होते. ते जमवले कसे? मुख्यतः फुकट व्हीपीएन वाटून. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, पॅलाडिनव्हीपीएन, प्रॉक्सीगेट, शील्डव्हीपीएन, शाइनव्हीपीएन. ही नावं एफबीआयने स्वतः जाहीर केली, काढून कशी टाकायची तेही सांगितलं. घरोघरी लॅपटॉपवर हे बसलेले, आणि त्या घरांच्या पत्त्यांवरून भलतेच लोक आर्थिक फसवणूक करून राहिले होते. त्या घरांतल्या कितीकांना आजही माहीत नसेल.

काकांच्या घरात या सहापैकी कोणतं नव्हतं. दुसरंच होतं. त्याच्या अटी मी त्या रात्री बसून वाचल्या. अकराव्या परिच्छेदात लिहिलंच होतं की सेवा फुकट ठेवण्यासाठी तुमच्या जोडणीचा न वापरलेला भाग ‘भागीदारांना’ उपलब्ध करून दिला जाईल. पोरगं रात्री लॅपटॉप चालू ठेवून झोपत होतं.

मला जास्त लागलं ते पुढे आहे. त्याला व्हीपीएनची गरजच नव्हती. त्याची फाईल गिटहबवरची होती. गिटहबच्या कच्च्या फायली ज्या पत्त्यावरून येतात तो पत्ता आपल्याकडे काही नेट कंपन्यांवर अधूनमधून उघडत नाही. का, ते कुणी सांगत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहिलं असतं तर बहुतेक उघडली असती, नाहीतर लॅपटॉपमधला डीएनएस बदलून. मी काकांच्या घरी हॉटस्पॉट लावून पाहिलं, तीच फाईल चार सेकंदांत उघडली. काकू बाजूला उभ्या होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत.

आता सरकारकडे वळतो, कारण सगळी चूक माझ्या आणि पोराच्या माथी मारून विषय संपत नाही.

या देशात साइट बंद करण्याचा अधिकार सरकारला आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. असावा का हा वेगळा वाद. पण त्याचे २००९ चे जे नियम आहेत त्यातला १६वा नियम म्हणतो की हे आदेश गोपनीय राहतील. परिणाम असा की तुमच्यासमोर साइट उघडत नाही तेव्हा ती सरकारने बंद केली, कोर्टाने केली, नेट कंपनीच्या चुकीने झाली की वायरच तुटली, हे समजायला मार्ग नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ साइट बंद केल्या होत्या, त्यात गिटहबचा भाग होता, इंटरनेट आर्काइव्ह होतं, व्हिमिओ होतं. दहशतवाद्यांचा मजकूर होता म्हणे. २०२२ मध्ये तर व्हीएलसी प्लेयरची मूळ साइट कितीतरी महिने बंद होती. व्हीएलसी! ज्याच्यावर आपण लग्नाच्या सीड्या पाहिल्या. त्या संस्थेने ऑक्टोबरमध्ये कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात ज्यांना व्हीएलसी हवा होता ते गेले कुठे? ‘फ्री डाउनलोड’ लिहिलेल्या भलत्याच पानांवर. मूळ दुकानाचं शटर पाडलं की गिऱ्हाईक घरी जात नाही, फुटपाथवरून घेते.

व्हीपीएनच्या बाबतीत तेच झालं, मोठ्या प्रमाणावर. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने निर्देश काढले की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, त्याला दिलेले आयपी आणि वापराचं कारण पाच वर्षं जपून ठेवायचं. कंपनीच्या नोकरांसाठी असलेलं ऑफिसचं व्हीपीएन यातून वगळलं. हेतू समजतो. काकांना आलेल्या नोटिशीमागे जी बाई आहे तिचे पैसे गेले आहेत, आणि चोर शोधायला पोलिसांना काहीतरी धागा हवाच. त्या पोलिसांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण झालं काय? ज्या कंपन्या ‘आम्ही वहीच ठेवत नाही’ असं सांगून धंदा करत होत्या, एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, त्यांनी आपले भारतातले सर्व्हर उचलले. तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर म्हणाले होते की नियम पाळायचे नसतील तर जायला मोकळे आहात. ते गेले. सप्टेंबर २०२२ पासून नियम लागू आहे.

फुकटवाले गेले नाहीत. त्यांचा ना पत्ता, ना ऑफिस, ना कुणी नोटीस घ्यायला. त्यांना कोण विचारतं?

मग जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की गृह मंत्रालयाच्या आदेशावरून ॲपल आणि गूगलने काही व्हीपीएन ॲप भारतातल्या दुकानांतून काढली, त्यात क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ पण होतं. हे तर नेट जरा बरं चालावं म्हणून कितीतरी साधे लोक टाकत होते. दुकानातून गेलं म्हणजे गरज गेली नाही. आता पोरं टेलिग्रामवर एपीके शोधतात. कुणीतरी पाठवतं, हे गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं, आणि ‘वर्किंग आहे भाऊ’ एवढीच त्याची तपासणी.

काही लोक म्हणतील, ज्याला लपवायचं आहे त्यालाच व्हीपीएन लागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीनेही व्हीपीएन कायमचे बंद करण्याची शिफारस केली होती. मला हे पटत नाही. मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या पोरांचं घरून काम व्हीपीएनशिवाय होत नाही. माझ्या ऑफिसात इंदूरच्या शाखेचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं. परदेशात असलेली लेक इथल्या सरकारी साइटवर काहीतरी पाहू म्हणते तर ती तिकडून उघडत नाही, मग तिला भारतातला पत्ता दाखवावा लागतो. आपल्या देशात व्हीपीएन वापरणं सरसकट गुन्हा नाही. हो, जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत बंदीचे आदेश निघाले आहेत, तिकडे ट्रक घेऊन जाणाऱ्या ड्रायव्हर भाऊंनी फोनमध्ये काय आहे ते बघूनच जावं.

आणि खरं बोलायचं तर आपल्या इथली बरीच पोरं गिटहबसाठी नाही टाकत. कुणी सट्ट्याच्या ॲपसाठी टाकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायदा आला तसं हे वाढलं असं मला दुकानात बसून दिसतं. कुणी २०२० च्या सप्टेंबरात पब्जी बंद झालं तेव्हा टाकलं ते आजपर्यंत काढलंच नाही. सट्टा खेळणाऱ्याला व्हीपीएन वाचवत नाही एवढंच सांगतो. पैसे शेवटी त्याच्याच यूपीआयमधून जातात, ती वही बँकेत आहे.

अजून एक गैरसमज. नेटबंदीत व्हीपीएन चालतं असं सांगणारे लोक आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगलीनंतर नेट बंद केलं, तेव्हा तिकडच्या आमच्या पाहुण्यांनी आठ-आठ व्हीपीएन टाकून पाहिले. गाडीच नाही तर ट्रान्सपोर्टवाला काय करणार? सगळंच नेट बंद असलं की कोणतंही व्हीपीएन चालत नाही. उलट तेव्हा घाईत टाकलेलं ते आठही फोनमध्ये राहतात.

असो. आता ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी, घाईत गाडीवरून नाही, नीट उतरून सांगतो.

पहिली गोष्ट. ॲप वेगळं आणि सर्व्हर वेगळा. हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं. व्हीटूरे, शॅडोसॉक्स, क्लॅश असली नावं पोरं घेतात, पण लॅपटॉप-फोनवर टाकतात ते फक्त त्यांचे क्लायंट असतात, म्हणजे आपल्या बाजूची गाडी. त्यात बरेच चांगले आहेत, त्यांचा कोड उघडा आहे, कुणीही वाचू शकतं. पण त्यात जी ‘फ्री नोड’ची लिंक चिकटवता, ते गोदाम कुणाचं? क्लायंट कितीही प्रामाणिक असला तरी माल तिथेच उतरतो. टेलिग्रामच्या प्रॉक्सीचंही तसंच. लिंकवर बोट ठेवलं की जोडली जाते आणि वर एक अनोळखी चॅनल दिसायला लागतं, ती त्याची जाहिरात आहे. म्हणून सर्व्हर कुणाचा हे आधी, ॲप कोणतं हे नंतर.

दुसरी. नावावर जाऊ नका. ‘क्लॅश फॉर विंडोज’ म्हणून एक लोकप्रिय क्लायंट होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये बनवणाऱ्यानेच तो नेटवरून काढून घेतला. आज त्या नावाने शोधलं आणि काही सापडलं, तर ते मूळ माणसाने ठेवलेलं नाही.

विंडोजवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून तिथे जरा थांबतो. प्रॉक्सी क्लायंट दोन तऱ्हेने चालतात. एकात तो विंडोजच्या सेटिंगमध्ये स्वतःला प्रॉक्सी म्हणून लिहून ठेवतो. मग ब्राउझर त्याचं ऐकतो, पण बाकीचे कितीतरी प्रोग्राम ऐकतच नाहीत, थेट जातात. तुम्हाला वाटतं सगळं झाकलं, तर अर्धं उघडंच. दुसऱ्या तऱ्हेत तो एक खोटं नेटवर्क कार्ड तयार करतो आणि सगळी वाहतूक त्यातून नेतो. त्याला ॲडमिनची परवानगी लागते. ही परवानगी मागणारं पान आलं की लगेच ‘यस’ दाबायचं नसतं, आधी हा प्रोग्राम आपण कुठून आणला ते आठवायचं असतं. निळी खिडकी येऊन विंडोज म्हणतं की हा अनोळखी प्रोग्राम आहे, तर अँटिव्हायरस बंद करून टाका असं सांगणारा व्हिडिओ पहिल्यांदा बंद करा.

आणि क्लायंट काढून टाकला किंवा मधेच बंद पडला की बरेचदा ती प्रॉक्सीची नोंद तशीच राहते. मग वायफाय जोडलेलं दिसतं पण एक साइट उघडत नाही. माझ्याकडे या रोगाचे लॅपटॉप महिन्याला दोन-तीन येतात. एका मावशींनी तर एका दुकानात फॉरमॅटचे ७०० रुपये दिले आणि मुलाच्या बारावीपासूनचे सगळे फोटो घालवले. इलाज फुकट आहे. सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी, आणि ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ बंद करा. तिथे १२७.०.०.१ लिहिलेलं दिसलं तर समजा की जुन्या क्लायंटची नोंद राहून गेली आहे.

अँड्रॉइडवर व्हीपीएन सुरू करताना फोन स्वतः विचारतो की या ॲपला तुमच्या नेटवर लक्ष ठेवता येईल, चालेल का. तो इशारा खरा आहे, उगाच नाही. सुरू झालं की वर किल्लीचं चिन्ह येतं. तुम्ही काही टाकलं नसताना किल्ली दिसली तर विचारा घरात कुणी टाकलं. प्ले स्टोअरबाहेरून एपीके टाकू नका, आणि टाकायचाच असेल तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून. व्हीपीएन ॲपने कॉन्टॅक्ट, एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर तिथेच काढून टाका. त्याला या कामासाठी त्यातलं काही लागत नाही, पण ओटीपी वाचायला लागतं. बँकेची कितीतरी ॲप व्हीपीएन चालू असलं की अडतात. तेव्हा व्हीपीएन बंद करा, बँकेच्या ॲपला शिव्या देऊ नका. वायफायच्या सेटिंगमध्ये हाताने प्रॉक्सी लिहिली तर ती त्याच वायफायपुरती असते, मोबाइल डेटावर तिचा काही संबंध नाही, हेही लोकांना माहीत नसतं.

आयफोनवाल्यांचं थोडक्यात. बाहेरून ॲप टाकणं अवघड, म्हणून भामटे ‘प्रोफाइल’ पाठवतात. सेटिंग्ज, जनरल, तिथे व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट उघडून बघा, ऑफिसने दिलेलं सोडून काही दिसलं तर काढा.

मॅकवर सिस्टिम अडवते तेव्हा ‘ओपन एनीवे’ दाबायच्या आधी परत तोच प्रश्न, आणलं कुठून? इंटेलचा मॅक आणि नव्या ॲपल चिपचा मॅक यांची फाईल वेगळी असू शकते, चुकीची घेऊन चालत नाही म्हणून लोक तिसऱ्याच पानावर जातात. लिनक्सवाल्यांना मी काय शिकवणार, ते मलाच शिकवतील. फक्त इंटरनेटवरून कुणाचीही एक ओळ उचलून सुडो लावून टर्मिनलमध्ये टाकू नका. आपल्या डिस्ट्रोच्या भांडारात वायरगार्ड आहे, मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आलं आहे. ज्याला जमतं त्याने भाड्याचा छोटा सर्व्हर घेऊन त्यावर स्वतःचं वायरगार्ड उभारावं. तिथे पत्ता तुमच्याच नावाचा राहील, लपणं होणार नाही, पण गोदाम तरी स्वतःचं.

आणि सगळ्यांसाठी एक, मग विंडोज असो की फोन: कोणत्याही प्रॉक्सीने ‘हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ म्हटलं तर करू नका. वर सीलबंद पेटी म्हटलं ना? ते सर्टिफिकेट म्हणजे सील तोडून परत लावायचा शिक्का तुम्ही त्याच्या हातात देता. मग तुमचे पासवर्डसुद्धा त्याला दिसू शकतात. ऑफिसच्या मशीनवर ऑफिस हे करतं, ते मशीन त्यांचं आहे. घरच्या मशीनवर नाही.

आता मागणं. दिल्लीत कुणी ही पोस्ट वाचणार नाही, पण तरी लिहितो: साइट किंवा ॲप बंद केलं तर निदान तिथे एक ओळ दाखवा, कुणी, कोणत्या आदेशाने, आणि दाद कुठे मागायची. नियम १६ मुळे लोक आंधळ्यासारखे चाचपडतात आणि नको त्याचा हात धरतात. वाडी नगर परिषदेकडे मागणं लहान आहे. सायबर जागृतीचे फ्लेक्स लागतात, त्यावर फक्त ओटीपी सांगू नका एवढंच असतं. त्यात हेही टाका की फुकट व्हीपीएनमुळे तुमच्या घरच्या जोडणीवरून दुसऱ्याचा गुन्हा होऊ शकतो. कॉलेजवाल्यांना विनंती आहे की पहिल्या वर्षाला एक तास यावर घ्या. कॉलेजच्या प्रॉक्सीतून बाहेर कसं पडायचं हे पोरं पहिल्या आठवड्यात शिकतात, तुम्ही शिकवा की न शिकवा.

काकांचं सांगतो. लॅपटॉप तपासासाठी जमा आहे. मी अटींचं ते पान, ॲप कधी टाकलं त्याची नोंद आणि राउटरमध्ये जे काही सापडलं ते छापून दिलं, काकांबरोबर ठाण्यात जाऊन माझा जबाब पण लिहून दिला की हे टाकायला मी सांगितलं. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. प्रकरण अजून चालू आहे. काका अजून दोनदा जाऊन आले, दर वेळी इस्त्रीचा शर्ट आणि निर्माणीचं जुनं ओळखपत्र खिशात. पोरगं माझ्या जुन्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट करून राहिलं आहे. तुमच्या घरी असा कागद आला तर फोनवर बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, पण कागद फेकूही नका, जवळच्या ठाण्यात जाऊन खरा आहे का विचारा. आणि तुमचेच पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा, उशीर करू नका.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता मी आमच्या गल्लीतल्या मंदिराच्या ओट्यावर बसणार आहे. ज्यांना लॅपटॉप किंवा फोनमध्ये काय बसलं आहे ते बघून घ्यायचं आहे त्यांनी यावं, पैसे लागणार नाहीत. पोरांनी बापाला सोबत आणलं तर बरं, जोडणी त्यांच्या नावावर आहे. लॅपटॉपसोबत चार्जर आणा. ओट्यावर एकच पॉइंट आहे, एक्स्टेन्शन बोर्ड मी आणतो.